रकाना नऊ

हिरुनीचा जन्मदाखला उजवीकडून डावीकडे वाचावा लागतो.
कुवेतच्या दवाखान्यात आमच्या सरोजिनीला टाके घातले
त्याच दिवशी कुणीतरी तो लिहिला.
अरबीत 'प' नसतो म्हणे,
म्हणून लेकीच्या कागदावर आई वड्डेबल्ली झाली.

बाप रुवन, कँडीकडचा, क्रेन चालवणारा.
त्यानं लगेच तिचा पासपोर्ट काढला,
सिंहाच्या शिक्क्याचा. प्रेमानंच काढला.
आपल्या वकिलातीत नोंदीला एक वर्ष असतं.
वर्ष म्हणजे किती हो?
सरोजची ड्युटी बारा तासांची, शुक्रवारी ऑफिस बंद,
लग्नाचा दाखला कोलंबोचा, त्याला अजून एक शिक्का हवा,
मग बाळाला कावीळ, मग दात,
मग पहिलं पाऊल
आणि पाऊल पडलं तेव्हा तेरावा महिना लागला होता.

आता ती आठ वर्षांची. पाच्छा पेठेत राहते.
घरात तेलुगू, शाळेत मराठी, रात्री फोनवर बापाशी तिसरंच काही.
त्यातला मला एकच शब्द कळतो, दुवा.
त्यांच्यात लेकीला दुवा म्हणतात.

आमचा आजा करीमनगरकडून चालत आला,
खांद्यावर मागाची फणी.
तेव्हा निजामाची हद्द नळदुर्गाच्या अलीकडं संपायची.
नाक्यावरच्या शिपायानं सुताचं वजन केलं, जकात घेतली.
आज्याचं वजन केलं नाही.
पुढं गिरणीचा भोंगा वाजला
आणि तो सोलापूरचा झाला,
अर्ज नाही, फोटो नाही, दोन साक्षीदार नाहीत.

मी अक्कलकोट रोडला टॉवेलांना लेबलं शिवते, दिवसाला अकराशे.
सूत कोईमतूरचं, रंग गुजरातचा, लेबल एकच:
मेड इन इंडिया.
गठ्ठे कुठल्या कुठल्या बंदरांत उतरतात,
कुणी अडवत नाही.

परवा हिरूनं माझ्या डब्याच्या पिशवीतून एक सुटं लेबल काढलं
आणि शाळेच्या फ्रॉकला आतून, मानेपाशी, शिवलं.
स्वतः. वेडेवाकडे टाके.
सरोजनं पाहिलं. काही बोलली नाही.
ब्लेड घेतलं आणि एकेक टाका उसवला,
दहाला आयुक्तालयात जायचं होतं.
कापडाला बारीक भोकं राहिली.
इस्त्रीनं भोकं जात नाहीत.

परदेशी नागरिकांच्या टेबलावरचे शेटफळे साहेब, माणूस बरा.
"बाई, कशाला घाबरूलालाव? लेकरू हाय, कोण हाकलतंय?"
पण हे त्यांना लिहून देता येत नाही.
लिहिलेलं त्यांनी वाचून दाखवलं, सावकाश,
जसं आजाऱ्याला औषध सांगतात:
आई भारतीय, हे खरं.
नोंद वेळेत नाही, हेही खरं.
पासपोर्ट दुसऱ्याचा, तो तर समोरच आहे.
वरून परवानगी येईल.
कधी, विचारलं
तर ते पंख्याकडं बघत राहिले.

मग रकाना नऊ. मूळ गाव.
सरोज म्हणाली, काय लिहू? कुवेत?
साहेब हिरूकडं वाकले.
"गाव कुठलं गं तुझं?"
"पाच्छा पेठ. बोल्लींच्या मागांची खटखट ऐकू आली ना,
की दुसरं दार. निळं."

साहेबांनी पेन उचललं, खाली ठेवलं.
खणातून पेन्सिल काढली
आणि रकान्यात नाही, बाजूच्या समासात,
बारीक अक्षरात लिहिलं,
खोडता येईल असं.

बाहेर हिरूनं उसाचा रस मागितला, बिनबर्फाचा.
सरोज पावतीच्या घड्या घालत होती,
चार घातल्या, उलगडल्या, परत दोन घातल्या.
पुढची तारीख मार्चातली.
मी पोरीच्या मानेवर हात ठेवला,
भोकं बोटाला लागली.
माझी पाळी दोनला होती.